पान बावन्न

महाप्याला, चौथ्या मजल्यावर, रात्री सव्वाअकराला
तुर्भ्याचं शीतगृह मला कळवत होतं
की खोली नंबर सातमध्ये, मटार ठेवलेत तिथे,
तापमान आहे आठ हजार चारशे त्रेचाळीस अंश.

थळ्यांना फोन लावला.
"मॅडम, सातच्या दारातच उभा आहे मी," ते म्हणाले,
"मिशीला बर्फ लागलाय.
काय असेल ते तुमच्याकडे बघा."

बघितलं.
सॉकेट उघडत होतं. हँडशेक होत होता,
पॅकेटं येत होती क्रमाने, एकही न गळता.
निरोप पोचत होता
आणि पोचूनही भलतंच बोलत होता.
दुपारी माझ्या लॅपटॉपवर हाच प्रोग्राम
शहाण्यासारखा वागला होता:
उणे अठरा, उणे अठरा, उणे सतरा.
मी दोनदा पुन्हा कंपाइल केलं.
तिसऱ्यांदा केलं ते निव्वळ रागाने.

आठ हजार चारशे त्रेचाळीस.
हा आकडा मी कुठेतरी पाहिलाय,
एवढंच डोक्यात, आणि एसीची घरघर.

पावणेबाराला आईचा फोन:
"कडी लावू, की उघडी ठेवू?"
म्हटलं, उशीर होईल, लायब्ररीचा घोळ आहे.
तीस वर्षं नौपाड्यातल्या वाचनालयात
देवघेवीच्या टेबलावर बसलेली बाई ती.
तिच्यासाठी लायब्ररीत घोळ एकाच प्रकारचा असतो.
"आवृत्ती कुठली?" तिने विचारलं.

आणि मग, मी नको म्हणेपर्यंत, समेळकाकू:
बहिणीच्या पुस्तकातून पान लिहून आणायच्या,
वालाचं बिरडं, पान बावन्न.
आमच्याकडची प्रत जुनी.
तिच्यात बावन्नवर लिंबाचं लोणचं.
"खोटं पुस्तक ठेवता," म्हणून भांडल्या माझ्याशी.
नव्या आवृत्तीत चार पानांची प्रस्तावना घातली होती गं,
बिरडं तिथेच होतं बिचारं,
अठ्ठेचाळीसवर.

मी फोन ठेवला की नाही, आठवत नाही.

आठ हजार चारशे त्रेचाळीस हा पोर्ट नंबर होता.
तापमानाच्या शेजारी राहणारा, चार बाइट पलीकडे.
माझा प्रोग्राम नव्या हेडरवर विसंबून
बावन्नावं पान उघडत होता,
आणि सर्व्हर त्याच्या हातात देत होता जुनी प्रत.
दोघांचंही खरं. दोघंही आपापल्या जागी चोख.
मी मशीनला विचारलं, बाबा रे,
तू ही लायब्ररी आणतोस तरी कुठून?
त्याने मुकाट्याने पत्ता दिला:
नाव तेच, फोल्डर दुसरं,
शोधायच्या वाटेवर सगळ्यात आधी लागणारं.
फाईलवर मालकाचं नाव: प्रभंजन राऊळ.
नोकरी सोडून त्याला दोन वर्षं झाली.

बोट डिलीटवर होतं. खोटं कशाला बोलू.
पण आधी पाहिलं, अजून कोण ही प्रत वाचतं.
वाशीच्या बर्फ कारखान्याची चौदा यंत्रं.
जुनीच भाषा येते त्यांना, दर मिनिटाला
एक ओळ पाठवतात, इमाने, कुणी वाचो न वाचो.
राऊळने त्यांच्यासाठी ठेवली होती ती,
आणि कुणाला सांगितलं नव्हतं.
किंवा सांगितलंही असेल,
मला, एखाद्या जेवणाच्या सुट्टीत,
आणि मी मान हलवली असेल.

जुनीला हात लावला नाही.
माझ्या प्रोग्रामला त्याची वाट वेगळी लिहून दिली:
तू इथून घे, बाकीच्यांना तिथून घेऊ दे.
शेजारी एक छोटी फाईल ठेवली.
आई पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलने लिहायची तसं,
तारीख घालून, सही करून:
नव्या आवृत्तीप्रमाणे शोधणाऱ्यांनी चार घरं मागे पाहावे.
ही प्रत काढू नये. वाचक आहेत.

एक वाजून दहा. थळ्यांना पुन्हा फोन.
"आता काय म्हणतोय?"
"उणे अठरा."
जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मग बरोबर आहे," थळे म्हणाले,
"तेवढंच आहे इथं. मघापासून."